आबांची डोलकाठी

सन १९३४, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, सकाळी सात वाजता माडाची माडी विकणाऱ्या आबांनी आपल्याच दुकानाची कौले उतरवायला सुरुवात केली. जमीनदाराने ती जागा मुंबईच्या शेटला बंगल्यासाठी विकली होती. संध्याकाळपर्यंत ती मोकळी करायची होती. माडीचा परवाना त्याच जागेपुरता असल्याने दुकान कायमचे बंद होणार होते.

भांडून आलेल्याला आबा माडी देत नसत. "आदी घरी जाऊन मिटव, मंग ये," म्हणत आणि मडक्यावर करवंटी झाकत. मी गावचा मास्तर. माडीचा मला तिटकारा. तो आजही आहे. एकदा त्यांना उपदेश करायला गेलो. तो त्यांनी पुरता ऐकला आणि मला शहाळे सोलून दिले.

दुकान पणजोबांच्या वेळचे. मधला खांब म्हणजे आमच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची डोलकाठी. समुद्रावरून परतलेला प्रत्येक जण, पिणारा असो वा नसो, आधी तिच्यावर थाप मारी आणि म्हणे, "आलू, आबा!" बायका दाराशी येऊन विचारीत, "आबा, आमचा आला?" त्यांचे उत्तर कधी चुकले नाही.

त्या पहाटे मोसमातल्या पहिल्या होड्या समुद्रावर गेल्या होत्या. गावात उरले म्हातारे आणि बायका. दुपारपर्यंत खणूनही डोलकाठी हलेना.

"कापून टाका," जमीनदाराचा कारभारी म्हणाला. "दुकान गेलं, आता काठी कशाला?"

"सांजच्याला मानसं येतील. थाप कुठं मारतील?"

"मारतील एखाद्या माडावर!"

"माड त्यांना वळखत न्हाय."

आबा पुन्हा खड्ड्यात उतरले. बायकांनी दोर धरला. मीही धोतर खोचले. उन्हे कलली तेव्हा काठी बुडख्यासकट सुटली. ती आम्ही आबांच्या परसात वाहून नेली आणि नव्या खड्ड्यात उभी केली.

तिन्हीसांजेला होड्या लागल्या. दुकानाच्या जागी उघडे आकाश पाहून माणसे थबकली.

"हिकडं रं!" आबांनी परसातून हाक दिली.

थापा पडू लागल्या. शेवटची होडी अजून आली नव्हती. तिच्या तांडेलाची बायको कुंपणाशी उभी होती. आज तिने विचारलेही नाही. बऱ्याच वेळाने एक ओला तळवा काठीवर आदळला.

"आला गो तुझा," आबा म्हणाले.

माडी नव्हती, सर्वांनी शहाळी प्यायली. पुढे आबा असेपर्यंत आणि त्यानंतरही गावाने थाप तिथेच मारली.

सर्व पांगल्यावर आबांनी काठीच्या बुडाशी माती चोपली, फावडे धुतले आणि पडवीत टांगले.