मामांचे जाड तळाचे बूट

माझे पाय मोठे, त्यामुळे बायकांच्या चपला मला कधी धड बसल्याच नाहीत. आईबरोबर लातूरला मामांकडे गेले, तेव्हा कपाटावर त्यांचे लग्नातले काळे बूट दिसले. चांगलेच जड, जाड तळाचे. सहज पाय घातला तर अगदी मापात बसला. मी हरखून घरभर चालून पाहिलं.

"गड्याचे बूट हायेत ते," आई म्हणाली.

"असू दे की. लई वर्षं नुसते पडून हायेत. घेऊन जा पोरी," मामा म्हणाले.

सोमवारी नांदेडच्या आमच्या कॉलेजात साडीवर तेच घालून तास घ्यायला गेले. खाडखाड आवाज ऐकून मी दारात पोचायच्या आधीच वर्ग उठून उभा राहिला. तास संपल्यावर खुर्चीत बसवेना, म्हणून तिन्ही मजल्यांवरून चक्कर मारून आले.