आत्याबाईंची कढई आन् माझं खापर

थांबा, चूल मागून पेटवते. हे आधी सांगते, नाही सांगितलं तर पोट फुटेल माझं! काल आमच्या आत्याबाईंची तेरवी झाली. आत्याबाई म्हणजे माझी सासू. पंगतीत सगळे म्हणून राह्यले, माउली गेली हो. माउली! ज्यांनी त्यांच्या पुढ्यात बसून कॉफी भाजली नाही, त्यांनी खुशाल म्हणावं.

आमच्या बेला गावात कॉफी कोणाच्या घरी? एकट्या आमच्या. सासरे निजामाच्या कचेरीत होते तेव्हा आत्याबाई हैदराबादेत राह्यल्या, तिथं हा नाद लागला. ते गेल्यावर गावी आल्या त्या एक लोखंडी कढई घेऊन. आंघोळ झाली की देवाच्या आधी कढई! हिरवट बी टाकायची, मनगट गोल गोल फिरवायचं, कान खाली. मधे कोणी खोकललं की उलथणं उगारत. "गप व्हा रे, बी बोलून राह्यली." वास पार चावडीपर्यंत जाई. पेत मात्र एकट्या. आमी दारात उभं राहून हुंगायचं.

मला तर त्या वासानं येडच केलं. शिकवा, शिकवा म्हणून मागंच लागले. एक दिवस त्यांनी मातीचं खापर पुढं सरकवलं आन् त्यात ओंजळभर तपकिरी, बारीक बी टाकली.

"आत्याबाई, तुमची मोठी काऊन आन् माझी बारीक काऊन?"

"जुन्या हाताले मोठी, शिकाऊ हाताले बारीक. सवाल कमी करावं, हे तुझ्या मायनं नाई शिकवलं वाटते?"

शिकवलं मात्र मन लावून, खोटं काऊन बोलू! धूर निळा झाला की उतरव. तडतड मंदावली की उतरव. माझी नजर हलली की तापलं उलथणं मनगटाला टेकवायच्या. डाग अजून हाय. करपली तर घरभर बोलावून दाखवायच्या, "या, पाहा, सूनबाईनं कोळसा पाडला." मी रडायची आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. मला एकच पाह्यजे होतं. त्यांनी एकदा म्हणावं, साधली व पोरी.

आन् साधली ना! एका सकाळी खापरातून असा खमंग वास सुटला, दूध-गूळ घालून पेले तर डोळेच मिटले. आत्याबाईंनी चाखली नाही, नुसतं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, कौतुक लपवून राह्यल्या. मग काय, विहिरीवर, देवळात, जिथं तिथं मी कॉफीवाली!

तेवढ्यात हैदराबादेहून त्यांचे भाऊ आले, भाजलेली कॉफी घेऊन. ओसरीवर माणसं बसलेली. आत्याबाईंनी मला हाक मारली, कप हातात दिला. "सांग व, कशी हाय. आमच्या सूनबाईले लय समजते कॉफीतलं."

मी घोट घेतला. कडू, आंबट, जळकट! मी छाती काढून म्हटलं, "मामासाहेब, तुमाले कोणीतरी फसवलं. थांबा, खरी कॉफी पाजते." धावत गेले, खापर तापवलं, भाजली, कुटली, उकळली, आणली. मामासाहेबांनी घोट घेतला. मग उरलेली बी मागवून तळहातावर घेऊन पाह्यली.

"अक्का, हा तर तरोटा हाय."

तरोटा! बांधावर मोकाट उगवतो तो! त्याची कोवळी भाजी मी जन्मभर खाल्ली, पण वाळल्या शेंगा फोडून बी कोण पाह्यते? ओसरी हसून हसून लोळली. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी. "लग्न झाल्यापासून तरोटा पिऊन राह्यली आन् माझ्या भावाले कॉफी शिकवून राह्यली! हैदराबादची बी काय हिच्या हाताखाली जाळू?"

त्या दिवसानंतर गावात माझं नावच तरोटाबाई.

मग आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, कॉफी कर. माझ्या कढईत, माझ्या बीची. तुझा तरोटा तू पी." पहिल्यांदा ती कढई हातात आली! मनगट तसंच फिरवलं, बीचं बोलणं ऐकलं, निळा धूर दिसताच उतरवली. चमच्यानं त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी घोळवली, गिळली, माझ्याकडं टक लावून पाह्यलं.

"जाळली," म्हणाल्या आन् भिंतीकडं तोंड केलं. तोच शेवटचा शब्द.

आता कढई माझी, डबा माझा. त्या दिवशी मी भाजलेली कॉफी त्यात उरली होती, आज उजाडताच तीच पेले. कडू, आंबट, जळकट. खरंच जाळली होती का मी? का जाता जाता पुन्हा डाव टाकून गेल्या? मला कसं कळावं? जीभच तरोट्याची करून ठेवली माझी! ओतून दिली आन् खापर घेऊन बसले.

तुमच्याबी घरात कोणी असं केलं का हो? खोट्याची अशी गोडी लावली, की खरं समोर आलं तरी गिळवत नाही? सांगा बरं, का माझ्या एकटीच्याच नशिबात होतं हे?