टाकीजवळचा चढ

आमच्या चष्म्याच्या दुकानात पुढे फ्रेमा विकतात आणि मागच्या खोलीत काचा घासतात. पुढे मी, मागे ताई. गेली बावीस वर्षं ती त्या यंत्रापुढे बसून काचांच्या कडा घासते आहे, आणि मालकासकट सगळे तिला ताईच म्हणतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या रक्तात साखर निघाली. वडील त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते, त्यामुळे रिपोर्ट वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला फोन तिने दादाला केला. हा तिचा दोन वर्षांनी मोठा भाऊ, दुसऱ्या गावी बस डेपोत कारकून.

"रडतेस काय? धावू या. तू तिकडे, मी इकडे," तो म्हणाला. "सकाळी सहाला. झालं की किती झालं ते एकमेकांना कळवायचं. चुकेल तो गाढव."

पहिल्या दिवशी ती दूध केंद्रापर्यंत पोचली आणि विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. आता इथेच आडवी होते, असं तिला वाटलं. घरी येऊन फोन पाहिला तर दादाचा निरोप होता : "अर्धा किलोमीटर. जीव गेला. तू?" तिला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उठली.

या वयात पाय नंतर दमतात, आधी मन कुरकुरतं. आज थंडी आहे, आज झोप झाली नाही, उद्यापासून नक्की. त्यात नवरा टोमणे मारायचा, "पोरगी लग्नाला आलीय आणि आई रस्त्याने धावतेय." अशा वेळी ती दादाला डोळ्यांपुढे आणायची. दादाची ढेरी तिच्या दुप्पट. तो धावतोय, मग मला काय धाड भरलीय?

आणि दादा लिहायचाही असं की बस्स. त्याने वर्षापूर्वी नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. तिने ते अजून पाहिलं नव्हतं. तिथे पाण्याच्या टाकीजवळ म्हणे एक चढ होता. त्या चढावर त्याची फे फे उडायची, एक लंगडं कुत्रं त्याला मागे टाकायचं. हे निरोप ती मला वाचून दाखवायची आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. एकदा तिचा गुडघा सुजला. "आज राहू दे का रे?" तिने विचारलं. उत्तर आलं, "मला ताप आहे, तरी तीन मारून आलो." तिने पट्टी बांधली आणि धावली. पुढे दीड महिना ती जिना एकेक पायरी करत उतरत होती.

आठ महिन्यांत तिची साखर उतरली. दुकानाला रंग देताना दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा तिने बेत केला की न कळवता जायचं, दादाला त्या चढावर गाठायचं आणि शेवटचा किलोमीटर सोबत धावायचा.

पहिल्या बसने ती सव्वासहाला उतरली आणि विचारत विचारत टाकीपाशी पोचली. टाकी होती. चढ नव्हता. चहूकडे जमीन तळहातासारखी सपाट. झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला तिने विचारलं, "इथे चढ कुठे आहे हो?"

"चढ? इथे कुठला चढ, बाई?"

याला माहीत नसेल, दादा इथूनच जाईल, असं म्हणत ती तिथेच थांबली. सात वाजता फोन वाजला : "आज सहा किलोमीटर! चढावर दमसुद्धा लागला नाही बघ."

माळ्यालाच दादाचं घर विचारून ती तिथे गेली. दार वहिनीने उघडलं. "अगंबाई, ताई तुम्ही! एवढ्या सकाळी?" आत दादा बनियनवर बसून चहा पीत होता. फोन अजून हातातच होता. तिच्या पायांतले बूट पाहून त्याचा चेहरा उतरला.

"किती दिवस धावलास?" तिने उभ्यानेच विचारलं.

"अकरा. मग जमेना गं."

"मग तसं सांगायचं."

"तू तेव्हा नुकती रुळली होतीस. मी सोडलं असतं तर तूही सोडलं असतंस. तुझ्यासाठीच केलं ना? फायदा कुणाचा झाला?"

"आणि ताप?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दादा, गुडघा फुटेस्तोवर धावले मी त्या तापापायी. इतरांनी फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास."

वहिनी चहा टाकते म्हणाली, पण ताई थांबली नाही.

नंतर एकोणीस दिवस ती धावली नाही. साखर उतरली हे खरंच होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. "सगळ्यांत वाईट काय माहितीये?" ती मला म्हणाली. "ते लंगडं कुत्रं. रोज सकाळी बसून त्याने ते रचलं. मी त्या कुत्र्यासाठीसुद्धा उठले गं."

विसाव्या दिवशी ती उठली. नुसते बूट घालायचे, एवढंच स्वतःला सांगितलं. मग दारापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. डोळ्यांपुढे आता कोणी नव्हतं. दुसऱ्या किलोमीटरला मन म्हणालं, कशाला? ती तशीच थोडी पुढे गेली आणि परतली. अजूनही आठवड्यातून चार दिवस जाते; जड मनाने जाते, पण जाते.

परवा दुकानात दादाचा निरोप आला : "आज खरंच एक किलोमीटर धावलो. शपथ." सोबत घामाने निथळलेल्या चेहऱ्याचा फोटो होता. तिने तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"तू सांग," ती म्हणाली, "हा घाम आहे की नळाचं पाणी?"

मीही तो मोठा करून पाहिला आणि फोन तिला परत दिला. तिने फोन पालथा ठेवला आणि यंत्र सुरू केलं.