खोडांवरचे लाल पट्टे

टेकडीवरच्या सार्वजनिक उद्यानात आम्ही रविवारी सकाळी चकती खेळतो. झाडांमधून चकती फेकत फेकत ती साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. काही खोडांवर आम्ही खडूने खूण करतो. खुणेच्या झाडाला उजवीकडूनच वळसा घालायचा, हा आमचा नियम.

या रविवारी खोडाखोडावर लाल पट्टे होते.

"मुक्ता, नव्या खुणा केल्यास वाटतं?" श्रीकांतकाकांनी विचारलं.

"मी नाही हो काका! हरायला लागलात म्हणून तुम्हीच रंगवलं असेल."

हसत हसत आम्ही प्रत्येक पट्ट्याला उजवीकडून वळसा घातला. शेवटच्या टोपलीपाशी चढावर पोचल्यावर मी सहज मागेपुढे पाहिलं. लाल पट्टे फाटकापासून थेट पलीकडच्या उतारापर्यंत गेले होते, सरळ रेषेत, दोन गाड्या जातील एवढ्या रुंदीत. कुठलाच खेळ इतका सरळ नसतो. सरळ असतो तो रस्ता, आणि त्यासाठी ही पट्ट्यांची झाडं तोडली जाणार होती.

लहानपणापासून मी मोर्चे-आंदोलनांची पत्रकं वाचत आले. त्यांत अन्याय नेहमी ठळक अक्षरांत असायचा. इथे तो एकही अक्षर न लिहिता आला होता, आणि आम्ही त्याला खेळाचा नियम समजून सकाळभर पाळलाही होता.

काकांनी जवळच्या खोडाला हात लावला. तळवा लाल झाला.

"ओला आहे गं," ते हळूच म्हणाले.

म्हणजे रंगवणारे अजून इथेच कुठेतरी होते. आम्ही चकत्या पिशवीत टाकल्या आणि पट्ट्यांमागोमाग उतारावर चालू लागलो.