कात्रीकाकांची तंबाखू

कात्रीकाकांनी तंबाखू सोडली त्याला जमाना झाला, आणि आता बघा, परसात तंबाखूच लावली. हौस कसली, वडिलांचं वाण होतं ते. वडील गेले आणि डबीच्या तळाशी चिमूटभर बी उरलं. बी तरी कसलं, नुसती धूळ. जुनं झालेलं, उगवेल न उगवेल, म्हणून काकांनी सगळंच पेरून टाकलं. वर माती लोटली नाही, या बियाला उजेड लागतो. पाणी मारलं ते दुकानातल्या फवाऱ्याने, गिऱ्हाइकाचे केस भिजवावेत तसं.

"दुकानात डोकी कमी पडली वाटतं," काकू म्हणाल्या.

मोजकीच रोपं जगली, पण छातीला लागली. पानं भरदार व्हायची तर तंबाखूचा शेंडा कळ्यांसकट खुडावा लागतो. बियाण्यासाठी मात्र एक झाड फुलू द्यायचं. काकांनी कोपऱ्यातलं झाड ठरवलं होतं. ते फुललं, बी धरलं, की बाबांचं वाण तरलं.

खुडायच्या दिवशी नेमका शेजारी कुंपणाशी आला आणि जावयाची गाऱ्हाणी सुरू झाली. जन्मभर दुकानात राबलेला हात तो. समोरचा बोलायला लागला की कात्री आपसूक चालते. जावयाचा निकाल लागेपर्यंत काका कोपऱ्यात पोहोचले, कच्चकन शेंडा उडवला आणि सवयीने विचारलं, "बघा, बरोबर झालंय?"

मग हातातल्या कळ्यांकडे पाहिलं आणि हे झाड कोणतं ते ध्यानात आलं.

"बाबांनी आयुष्यभर जपलं, आणि मी गप्पांच्या नादात कापलं," काका म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे एका सकाळी काकूंनीच हाक मारली. त्या बोडक्या झाडाच्या पानाच्या बेचक्यात कोवळा फुटवा आला होता. काकांचा हात सवयीने खिशातल्या कात्रीकडे गेला.

"खबरदार," काकूंनी मनगट धरलं. "यालाच फुलं येतील."

तेव्हापासून काका हात मागे बांधूनच झाडाजवळ जात. फुटवा वाढला, पण एका अंगाला कलून, ताठ म्हणून उभा राहीना. त्याच्यावर गुलाबी फुलं आली, तीही एकाच बाजूला.

"काका, वाकडं दिसतंय हो," शेजारी म्हणाला. "जरा सारखं करा की."

वाकडा भांग ठेवून काकांनी कधी कुणाला खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं. त्यांनी मागे बांधलेले हात आणखी घट्ट धरले.

"नको," ते म्हणाले, "असंच राहू दे."