अष्टमीचा फ्लॉपीमामा

फ्लॉपी बदलली की आमचा मामा यंत्राला तसं सांगायचा. त्याच्या जुन्या आठ-बिटी कॉम्प्युटरवर सीपीएम नावाची प्रणाली होती. फ्लॉपी बदलल्याचं तिला आपणहून कळत नसे. दोन बटणं एकत्र दाबून कळवावं लागे, नाहीतर ती नव्या फ्लॉपीवर लिहायला साफ नकार द्यायची. मामाने हा नियम घरालाही लावला होता. पाहुणा दारात आला की आत ओरडायचा, "माणूस बदललाय गो, आता जपून बोला!"

रोह्याच्या कंपनीने हे यंत्र भंगारात काढलं, तेव्हा मामाने ते रिक्षातून मांडीवर बसवून शेजारच्या अष्टमी गावात घरी आणलं. त्यावर तो एकच काम करी: मामीचे धवळे टाइप करायचे. मामी पेणजवळच्या मिठागरावरची, लग्नात धवळे गाणारी धवलारीण. तिला लिहिता येत नव्हतं आणि यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. असे चाळीस धवळे झाले. फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळत. ती जुळवताना मामाचा चहा गार व्हायचा. "नाव आखूड चालंल, गानं आखूड नको," म्हणायचा.

मागच्या वर्षी नातीचं लग्न ठरलं आणि नेमक्या त्याच वेळी, आजारपणानंतर, मामीला ओळी आठवेनाशा झाल्या. धवळे कागदावर उतरवायला मामाने मला बोलावलं. मी डोलवीला कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून घरातला तज्ज्ञ. म्हटलं, आधी जपून एक प्रत काढू. त्यासाठी दुसरी फ्लॉपी रिकामी करायची होती. मी रिकामी केली ती पहिली, धवळ्यांचीच. यंत्राने विचारलं होतं, सगळं पुसू? पण कंपनीत समोर येईल त्या प्रश्नाला 'हो' दाबायची सवय.

"दिसला का रं माजा मांडवाचा धवळा?" मामी स्वयंपाकघरातून विचारत होती. मी यादी मागवली, तर पडद्यावर एकही नाव उरलं नव्हतं.

मामा चिडला नाही. "हात काढ, भाचेबुवा. आता यावर काय बी लिवायचं नाय. हा पुसत नाय, नुसती यादीतल्या नावावर खूण करतो. आतलं सगलं हाय."

दुपारभर एका छोट्याशा प्रोग्रॅमने तो एकेक खूण काढत बसला. चाळीसच्या चाळीस परत आले. मी ते पडद्यावरून वहीत हाताने उतरवले. त्या कीबोर्डला बोट लावायची माझी छाती नव्हती.

लग्नात मामीच्या भाच्या वही उघडून गायला बसल्या. तिसऱ्या ओळीला मामीने वहीच मिटली. "वाचताव काय गो, चाल कुठं गेली?" आणि स्वतः सुरू झाली. अडली की पोरी हळूच वहीचा कोपरा उघडून शब्द पुरवायच्या. मामा मागच्या खुर्चीवर मान खाली घालून ऐकत होता.

यंदा मामा गेला. यंत्र आता पेणला माझ्याकडे आहे. मामी रविवारी येते; तिला न लिहिलेलं काहीबाही आठवू लागलंय. मी एका बोटाने टाइप करतो.

"तुजा मामा भराभर लिवायचा," ती टोमणा मारते. मग पदर सावरून म्हणते, "घे, फुडचं घे," आणि एक्केचाळिसाव्या धवळ्याची दुसरी ओळ गायला लागते.