पाच इन्स्पेक्टर आणि एक मुडदा

हे बघा, आधी चहा संपवा, मग ऐका. हसताना ठसका लागला तर तोही खून माझ्याच नावावर लागायचा!

आमची सोसायटी शांती नगरची. यंदा सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मोबाईलवर मर्डर मिस्टरी शूट करायची ठरली. कॉलेजात कधीतरी एक एकांकिका लिहिलेली, तेवढ्या भांडवलावर मी लेखक-दिग्दर्शक! इन्स्पेक्टरचा रोल बायकोला, रेखाला, आधीच कबूल केलेला. बिचारी आरशासमोर भुवया उंचावून प्रॅक्टिस करत होती. शूटिंग बघायला तिचे आईबाबा खास लातूरहून येणार होते.

आणि मीटिंगमध्ये मला भाषणाची हुक्की आली. "आपल्या सिनेमात प्रत्येक समाज दिसलाच पाहिजे!" टाळ्या पडल्या. मी फुगलो.

मग प्रश्न आला, खुनी कोण?

आमचे मेहताभाई जैन. त्यांनी हात जोडले. "हम तो आलू नहीं काटते, आदमी कैसे काटेंगे?"

मी शेखसाहेबांकडे वळलो.

"भाई, हर पिक्चर में हमीच विलन! एक बार तो पुलिस बनाओ यार."

खरंच होतं हो ते. मलाच वाईट वाटलं. केलं इन्स्पेक्टर. मग मेहताभाईंनी माझं काय घोडं मारलं होतं? तेही इन्स्पेक्टर!

डिसूझा आंटी उठल्या. "हम लोग को हर टाइम दारू पीताच दिखाता है. मेरे कू भी वर्दी मंगता."

दिली! पांडेजी म्हणाले, "हमको हमेशा दूधवाला बनाते हैं." त्यांनाही दिली. राहिले जुन्या भाईंदरचे मोरेश्वरदादा. "कोली मासली मारतो, माणूस न्हाय मारत!" पाचवी वर्दी!

घरी येऊन रेखाला हळूच म्हटलं, "अगं, खुनी होतेस का? जबरदस्त रोल आहे."

"वा! आपला मराठी माणूस पडद्यावर आला की कायम मार खाताना नाहीतर रडताना. आता खुनीपण आपणच? आईबाबा काय म्हणतील?"

मी घाईघाईनं म्हटलं, "बरं, खुनी मी होतो."

"आणि मरतंय कोण?"

अहो, मुडद्याचा विचारच केला नव्हता! आणि मरायला कोण तयार होणार? मेलेल्याला डायलॉग नसतो ना. शेवटी कथा बदलली. मी दुसऱ्यासाठी चहात विष कालवतो आणि चुकून स्वतःच पितो. रेखाच्या वाट्याला आली माझी विधवा. तिने प्रॅक्टिसचा आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. संसार केलेल्यांना कळेल, मी किती घाबरलो असेन!

शूटिंगला अख्खी सोसायटी कंपाउंडमध्ये जमली. सासूसासरे पहिल्या खुर्च्यांवर. मी चादरीखाली. वर पाच इन्स्पेक्टर, आणि केस सोडवण्यावरून त्यांचीच जुंपलेली. "पहले मैं बोलूंगा!" "अरे, मी सीनियर हाय!" धक्काबुक्कीत एकाचा बूट माझ्या पोटावर.

तेवढ्यात रेखाचा आवाज आला. कडक! "बाजूला व्हा सगळे."

स्क्रिप्टमध्ये हे नव्हतं.

"ह्यांना कोणीच मारलं नाही, साहेब. ज्यानं जे मागितलं, त्याला हे 'हो' म्हणत गेले, आणि घरात दिलेला शब्द विसरले. त्यातच गेले!"

शिट्ट्या, टाळ्या! पाचही इन्स्पेक्टरांनी तिला खाडकन सॅल्यूट ठोकला म्हणे. मी ओरडणार होतो "कट!" पण मुडद्याने ओरडायचं कसं?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासरेबुवा गरजले, "वन्स मोअर!"

आणि तुमची शप्पथ, मला परत मरावं लागलं.